कालनिर्णय आणि विल्डेबीस्ट

विल्डेबीस्टला मे महिन्याची सुट्टी नसते. दिवाळीचीही नसते. केनियाची सफारी आखायला बसलेल्या मराठी कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो इथे. एरवी आपण जिथे जातो तिथली प्रेक्षणीय स्थळं आपली वाट बघत जागच्या जागी उभी असतात. ताजमहाल हलत नाही. मनालीत बर्फ नसला तर रोहतांगला असतो, तिथेही नसला तर तो जिथे उरलाय तिथे पैसे घेऊन नेणारा माणूस असतो. केनियाचं मुख्य आकर्षण मात्र चार पायांवर आहे, बारा-तेरा लाखांच्या संख्येत आहे आणि त्याचं वेळापत्रक पावसाने ठरवलेलं आहे. त्यात बदल करून मिळत नाही.

ते वेळापत्रक असं. जानेवारी ते मार्च हे कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या आखूड गवतात असतात. फेब्रुवारीच्या सुमारास तिथे मोजक्या आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात आणि जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहून आईमागे चालू लागतात. गवत संपलं की कळप उत्तरेकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडून केनियाच्या मसाई मारात येतात, मनात आलं तर उलटे फिरतात, पुन्हा येतात, आणि नोव्हेंबरचा पाऊस लागला की दक्षिणेची वाट धरतात. मगरींची नदी, दरडीवरून उड्या टाकणारे हजारो प्राणी आणि खर्जातला निवेदक हे सगळं आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर आमटीभात कालवता कालवता पाहिलंय, ते याच तीन-चार महिन्यांतलं.

आता आपलं वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये आपण मोकळे असतो तेव्हा केनियात मोठा पाऊस असतो. माराची जमीन बरीचशी काळी, चिकण. भर पावसात विदर्भातल्या काळ्या रानात जीप घालून मग बैलजोडी मागवायची वेळ ज्यांच्यावर आलीय त्यांना जास्त सांगायला नको. दिवाळीत आपण पुन्हा मोकळे, तर तिथे छोटा पाऊस. आणि नदी ओलांडायचे जे महिने, ते आपल्याकडे आषाढी, श्रावण, मंगळागौर, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र, दसरा असे ओळीने खच्चून भरलेले. भिंतीवरचं कालनिर्णय आणि लॅपटॉपवरचा स्थलांतराचा नकाशा शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही एकाच माणसाने आपली खोड मोडायला छापले असावेत असं वाटतं.

आम्ही जाणार आठ जण. काका-काकू, मी आणि बायको, मेहुणी आणि साडूभाऊ, शिवाय काकांचा मुलगा आणि त्याची बायको. चुलतभाऊ हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे एक्सेल त्याच्याकडे. भावजय शाळेत शिक्षिका, त्यामुळे मे आणि दिवाळी सोडून तिला रजा म्हणजे बिनपगारी. जुलैत काकूंचा चातुर्मास बसतो, म्हणून जुलै बाद. मेहुणीकडे गौरी उभ्या असतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचा तो तुकडा बाद. घट बसल्यावर आमच्या घराला कुलूप लागत नाही, म्हणून नवरात्र बाद. मारा नदीच्या काठावर म्हणे कळप तासन्‌तास उभे राहतात. पुढचा एक जण दरडीच्या टोकाशी येतो, पाणी बघतो आणि मागे फिरतो. तो फिरला म्हणून सगळे फिरतात. थोड्या वेळाने पुन्हा गोळा होतात. कधी कधी दिवसभर हेच चालतं आणि संध्याकाळी पर्यटक कॅमेरे गुंडाळून परत जातात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चाललं होतं. फरक इतकाच, की विल्डेबीस्ट मधेमधे 'शुभ सकाळ' पाठवत नाहीत.

केनिया की टांझानिया हा वाद वेगळाच. मसाई मारा सुमारे १,५०० चौरस किलोमीटर, तर सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट. प्राणी तेच, गवत तेच. मधली सरहद्दीची रेघ एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आणि जर्मन यांनी आपसांत आखली. विल्डेबीस्टला ती माहीत नाही, तो ती वर्षातून दोनदा तरी बिनदिक्कत ओलांडतो. पर्यटकाला मात्र मारातून सरळ पलीकडे सेरेंगेटीत जाता येत नाही. लांबचा वळसा घालून अधिकृत नाक्यावर जा, पासपोर्ट दाखवा, दुसऱ्या देशाचा वेगळा परवाना काढा. साडूभाऊ म्हणाले, "दोन्ही करू, इतके लांब जातोय तर." हे वाक्य प्रत्येक मराठी सहलीत कोणीतरी उच्चारतोच, आणि त्याला वेळीच आवरलं नाही तर माणसं सहा रात्रींत सात देश करून परततात आणि कुठलं चर्च कुठल्या गावात होतं यावरून घरी भांडतात. चुलतभावाने एक्सेलमध्ये टांझानियाचा रकाना भरून दाखवला, तेव्हा ते गप्प झाले.

केनियाकडे पारडं झुकायला कारणं साधी होती. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि ते सहाएक तासांत पोचवतं. आमच्याकडे कोकणातल्या गावी जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि शिवाय वडखळला उतरून चहा प्यावा लागतो. दुसरं कारण काकांनी पुढे केलं. त्यांचं म्हणणं, तिथे आपली माणसं आहेत. 'आपली' या शब्दाचा परीघ परदेश म्हटलं की काकांच्या बाबतीत फार वाढतो. एरवी तो सदाशिव पेठेबाहेर जात नाही. पण बोलण्यात तथ्य होतं. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाच्या बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे इंग्रजांनी घातली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांवर मजूर नेले होते. १८९८ मध्ये त्साव्होला पुलाचं काम चालू असताना दोन सिंहांनी महिनोन्‌महिने त्यांच्या तंबूंतून माणसं उचलली. खुद्द नैरोबी हे शहर १८९९ मध्ये या रेल्वेचा तळ म्हणून वसलं. आणि तिथलं चलन १९२० पर्यंत चक्क रुपया होतं. हे ऐकून काका हळहळले. "म्हणजे तेव्हा गेलो असतो तर डॉलर घ्यावे लागले नसते." तेव्हा गेलो असतो तर सिंहाने नेलं असतं, हे काकूंनी लक्षात आणून दिलं. तरीही काकांचा हिशेब रुपयातच परवडत होता.

डॉलरचं दुःख खरं आहे. मसाई माराचं प्रवेश शुल्क २०२४ पासून परदेशी पर्यटकाला वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दिवसाला १०० डॉलर आणि दुसऱ्या सहामाहीत २०० डॉलर झालं. म्हणजे विल्डेबीस्ट आले की भाव दुप्पट. बरं, दिवस म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, चोवीस तास नव्हेत. चुलतभावाने लगेच एक रकाना वाढवला, 'प्रति सिंह खर्च'. त्यात माणसं, दिवस, डॉलरचा भाव घालायचा आणि अपेक्षित सिंहांच्या संख्येने भागायचं. अपेक्षित सिंह किती धरायचे यावर एक पूर्ण रविवार गेला. मग कोणीतरी वाचून दाखवलं, की सिंह दिवसातले सोळा ते वीस तास झोपून काढतो. म्हणजे ज्याच्यासाठी माणशी रोज २०० डॉलर भरायचे, तो बहुतेक वेळ झाडाखाली पोट वर करून पडलेला असणार. काकूंनी काकांच्या आरामखुर्चीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घरी फुकट दिसतं."

पहाटेच्या अंधारात गरम हवेच्या फुग्यातून माराच्या वर तरंगायची एक सोय आहे. तिला माणशी साडेचारशे-पाचशे डॉलरच्या आसपास पडतात आणि उतरल्यावर माळरानावर शॅम्पेनसह नाश्ता देतात. आमच्यात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव: फुगा नको.

साडूभाऊंचं प्रकरण निराळं होतं. त्यांच्या आयुष्याचे दोन भाग आहेत, ताडोब्यात वाघीण दिसण्याआधीचा आणि नंतरचा. तेव्हापासून ते 'कॉल', 'सायटिंग', 'पगमार्क' याच भाषेत बोलतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजर दिसलं तरी आवाज खाली आणून हात वर करतात. त्यांना मसाई माराची अडचण अशी वाटत होती, की तिथे शोधण्यासारखं काही उरतच नाही. मैलोन्‌मैल उघडं गवत, मधेच एखादं बाभळीच्या जातीचं झाड. हत्ती आहे तर तो आहे, लांबूनही दिसतो. "त्यात मजा काय?" असं ते म्हणत आणि दुसऱ्याच दमात विचारत, "पण पाचही दिसतील ना?"

हे पाच म्हणजे बिग फाइव्ह. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही यादी सौंदर्यस्पर्धेची नव्हे, शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत जिवावर उठतात ते हे. म्हणून त्यात जिराफाला जागा नाही, झेब्रा नाही, आणि सात-आठ मिनिटं टक लावून बघावा असा पाणघोडाही नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, पण यादी टिकली. आता तिच्यावर बंदुकीऐवजी आपण टिकमार्क करतो. साडूभाऊंनी नैरोबीच्या एजंटाला व्हिडिओ कॉलवर विचारलं, पाचांची गॅरंटी काय? एजंटाच्या घराण्याच्या तीन पिढ्या नैरोबीत गेलेल्या. तो गुजरातीच्या अंगाने हिंदी बोलत होता. म्हणाला, "भाई, शेर की गारंटी मैं देता हूं. रोड की मत मांगो." नैरोबीहून नारोकमार्गे माराला जायला पाच-सहा तास लागतात. खड्ड्यांतून जे अंग घुसळून निघतं त्याला तिथले ड्रायव्हर आफ्रिकन मसाज म्हणतात, आणि तो सर्व पॅकेजांमध्ये समाविष्ट असतो.

रस्ता नको म्हटलं तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं आहेत, थेट माराच्या गवतात उतरणारी. इथे सामानाचा मुद्दा आला. या विमानांत माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस नको, चाकं नकोत, आणि हातातली पर्सही त्या १५ किलोंतच. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच भागात सफारीला आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोनशेहून जास्त हमाल होते, प्राण्यांची कातडी टिकवायला चार टन मीठ होतं, आणि वाचायला डुकराच्या कातड्यात बांधलेल्या पुस्तकांची पेटी होती. ते आणि त्यांचा मुलगा मिळून पाचशेहून जास्त प्राणी मारून घेऊन गेले, संग्रहालयासाठी. काकूंची यादी यापेक्षा फार लहान होती. मेतकूट, दाण्याची चटणी, तिळाची चटणी, लाडू, दशम्या, चिवडा, सुकी भेळ वेगळी बांधून, थर्मास, आणि 'तिथे मिळत नाही' म्हणून हिंगाची डबी. हे सगळं वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा १५ किलो भरायला दीड किलो कमी होतं. म्हणजे कपड्यांना दीड किलो. आम्ही रस्त्याने जायचं ठरवलं.

तरी पिशव्यांचा प्रश्न सुटत नव्हताच. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि बंदी म्हणजे आपल्याकडच्या फलकावरची नव्हे. दंड ४० लाख केनियन शिलिंगांपर्यंत, कैद चार वर्षांपर्यंत. २०२० पासून अभयारण्यांत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही बंद. मराठी माणसाच्या बॅगेची रचना ज्याने उघडून पाहिली आहे त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. आपल्याकडे कपडे पिशवीत, चपला पिशवीत, चपलांची पिशवी आणखी एका पिशवीत, ओले कपडे आलेच तर म्हणून रिकाम्या पिशव्यांची एक पिशवी, आणि या सगळ्यावर एका साडीच्या दुकानाची जाड पिशवी, जी मोडीत काढण्याचं धैर्य घरात कोणाकडे नाही. ओट्याखालच्या ड्रॉवरमधला साठा काकूंनी दहा वर्षांत जमवलेला. त्यावर कैद किती होते याचा हिशेब एक्सेलमध्ये मावला नाही. शेवटी काकूंनी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्या. ते काम अजून चालू आहे, आणि मला वाटतं या सहलीत सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू तीच असणार आहे.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा वर, आणि माराही फार खाली नाही. उघड्या छपराच्या गाडीत पहाटे सहाला स्वेटर आणि माकडटोपी लागते. माकडटोपी घालून चित्ता बघायची कल्पना मेहुणीला फोटोच्या दृष्टीने मान्य नाही. साडूभाऊंनी लष्करी छापाची पँट घेतली होती. तसे कपडे केनियात घालू देत नाहीत, हे एजंटाने सांगितल्यावर ती ताडोब्यासाठी राखून ठेवली.

आता पिवळा ताप. ही लस घेतल्याशिवाय केनियाची सहल नाही. पण यातली गंमत अशी, की तिचा मुख्य आग्रह आपलाच आहे. हा आजार भारतात नाही. तो पसरवणारा डास मात्र आपल्याकडे मुबलक आहे, त्यामुळे केनियातून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर आपलं सरकार त्याला विमानतळावरून सरळ सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतं. म्हणजे केनियात शिरायला इंटरनेटवर अर्ज भरून तीसेक डॉलर पुरतात. स्वतःच्या देशात परत शिरायला पिवळी पुस्तिका लागते. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. काकांना जन्मभर हा शब्द फार आवडला. पण ते ६९ वर्षांचे, आणि साठीपुढच्यांना ही लस डॉक्टर नीट तपासून, विचार करून देतात.

केंद्रावर डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांची यादी काढली. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही.

"काका, अंड्याची ॲलर्जी आहे का?"

"आम्ही शाकाहारी," काकूंनी सांगितलं.

"तसं नाही. कधी अंडं खाल्लं होतं का, आणि खाल्ल्यावर काही त्रास झाला का, पुरळ वगैरे?"

काका बराच वेळ भिंतीवरच्या डासाच्या चित्राकडे बघत राहिले. शेवटी पिवळ्या तापाची भीती जिंकली.

"त्रास नाही झाला."

"छान. शेवटचं कधी खाल्लं होतं?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंचा नव्हता. काकूंचा होता.

लस मिळाली. पुढचे चार दिवस काका-काकूंमधला सगळा संवाद ग्रुपवरून झाला.

जेवणाची काळजी मात्र उगाच होती. केनियात चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. कांदा-टोमॅटोची कचुंबरी मिळते, मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली असतो, सुकुमा विकी नावाची पालेभाजी असते, आणि भारतीय पाहुण्यांचा राबता असलेल्या लॉजवर जैन जेवणसुद्धा सांगता येतं. वीस पावलांवर सिंहीण झेब्रा फाडत असताना आपण कांदा-लसूण नसलेली डाळ मागू शकतो, ही माणसाने केलेली प्रगती मी तरी कमी लेखणार नाही. पैशाचंही तसंच. काका तिकडच्या लोकांना यूपीआय समजावून सांगणार होते. मोबाइलवरून पैसे पाठवायचं एम-पेसा तिथे २००७ पासून आहे आणि भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे ते वापरतात, हे कळल्यावर त्यांनी तो बेत सोडला. डॉलरच्या नोटा मात्र नव्या, कोऱ्या लागतात. चुरगळलेली, पेनाने काही लिहिलेली नोट घेत नाहीत. काकांनी प्रत्येक नोटेवर पेन्सिलीने क्रमांक घालून ठेवले होते. खोडरबर घेऊन ते एक दुपारभर बसले होते.

वेळेचा घोटाळा सगळ्यात गोड. स्वाहिली पद्धतीने दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, म्हणून सकाळी सातला तिथे एक वाजतो आणि दुपारी बाराला सहा. पर्यटकांशी बोलताना ड्रायव्हर आपलं घड्याळ वापरतात, पण आपसांत त्यांचं त्यांचं. आम्ही सगळे गोंधळलो. काका नाही. "बरोबरच आहे. आपल्या पंचांगात तरी वार सूर्योदयालाच बदलतो ना?" असं म्हणून त्यांनी केनियाला आपल्यात घेतलं.

गाडीतल्या जागांवरूनही बोलणं झालं. लँड क्रूझरमध्ये सगळ्यांना खिडकी द्यायची तर सहा-सातच माणसं नीट बसतात. आठ म्हणजे दोन गाड्या. दोन गाड्या म्हणजे एका गाडीला बिबट्या दिसणार आणि दुसरीला त्याचं झाड, आणि ते पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात ऐकावं लागणार. हा प्रश्न कोणीही सोडवला नाही. तो तिथे गेल्यावर सुटेल असं ठरलं, म्हणजे सुटणार नाही असं ठरलं.

राहता राहिली तारीख. सगळं बाद करत करत शेवटी जो पंधरवडा उरला तो असा, की ज्यात आपल्याकडे लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, कोणी सोनं घेत नाही, कोणी फ्लॅट बघायला बोलावत नाही. भाद्रपदाचा दुसरा पक्ष. गणपती गेलेले, घट बसायचे, आणि मारात नदी ओलांडणं चालू. भावजय बिनपगारी रजेला तयार झाली. तिची अट एकच होती. पगार कापून यायचं तर नुसत्या गवतात नाही, समुद्र पाहिजे. अटीकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण त्याच वेळी काका म्हणाले, "अरे, पण दादाचं श्राद्ध?"

माझ्या वडिलांची तिथी नेमकी त्या पंधरवड्यात. गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी आधुनिक आहेत, न्यू जर्सीचे दोन यजमान ते व्हिडिओ कॉलवर सांभाळतात. म्हणाले, "तिथीला नाही जमलं तर सर्वपित्री अमावास्येला करा, चालतं. सामान इथून न्या. पान वाढायचं, काकबळी ठेवायचा. कावळे आहेत ना तिथे?"

हा प्रश्न एक्सेलमध्ये नव्हता. चुलतभावाने शोधाशोध केली. नैरोबीकडे, माळरानाकडे जो कावळा सर्रास दिसतो तो काळा, पण छाती आणि मान पांढरीशुभ्र. त्याने फोटो गुरुजींना पाठवला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"हा बनियन घातलेला?" गुरुजी म्हणाले. "याचं मला काही सांगता येणार नाही."

चुलतभाऊ वाचत राहिला आणि मग एकदम थांबला. आपला कावळा, राखाडी मानेचा, अगदी आपल्या गॅलरीत येतो तोच, केनियात आहे. पण किनाऱ्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झांझिबारमध्ये कचरा साफ करायला म्हणून मुद्दाम नेला. त्याने कचरा साफ केला, पुढे लोकांची ताटं साफ करायला घेतली, तिथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मोंबासा, मालिंदीपर्यंत पसरला. स्वाहिलीत त्याला कुंगुरू म्हणतात. त्याचा उपद्रव इतका, की २०२४ च्या जूनमध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख कावळे मारायचा बेत जाहीर केला.

"आपला कावळा?" काकांनी विचारलं.

"आपलाच."

"दहा लाख?"

गुरुजींचा आवाज आला, "पण मारणार ते पितृपक्षाआधी, की नंतर?"

भावजय एवढा वेळ काही बोलली नव्हती. ती म्हणाली, नैरोबीहून मोंबासाला २०१७ पासून नवी रेल्वे आहे, पाच-सहा तासांत पोचते, शिवाय ती त्साव्होमधून जाते, म्हणजे खिडकीतून हत्ती दिसले तर दिसले. तिकिटांच्या वेळा तिच्याकडे लिहिलेल्या होत्या. हॉटेलही बघून ठेवलेलं होतं. पितरांचा विषय निघाल्यावर वादाला जागाच नव्हती. माराचा एक दिवस कमी केला, साडूभाऊंनी एक सुस्कारा टाकला, आणि सर्वपित्री अमावास्या हिंदी महासागराच्या काठावर धरली.

बुकिंग झाल्यावर हॉटेलकडून पाहुण्यांसाठी सूचना आल्या. त्यात ठळक अक्षरांत होतं: खाद्यपदार्थ उघड्यावर ठेवू नयेत, कावळे ताबडतोब उचलून नेतात.

काकांनी चष्मा लावून ती सूचना दोनदा वाचली. "हॉटेल चांगलं दिसतंय," ते म्हणाले. "बाल्कनीची खोली मिळते का, विचार."